घरात कुत्रा असेल तर अंगणात पक्षी येतात का?

येतात. तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी पिल्लू आणलं आणि तेव्हापासून पाण्याकडे एकही पक्षी फिरकला नाही. थोडं थांबा. आम्ही पुण्याजवळ फुरसुंगीला राहतो, घरामागे थोडी मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे रिकामा प्लॉट. आमची गावठी कुत्री भुरी आली तेव्हा पहिले तीन आठवडे अंगण असंच सुनं होतं. मग तिच्या वेळा पक्ष्यांना पाठ झाल्या. साडेआठला ती ओट्यावर आडवी झाली की चिरक, बुलबुल, होले पाणी पिऊन घेतात. सातभाई तर ती जागी असतानाही येतात. त्यांचा एक गडी वर बसून राखण करतो.

पाण्याला मातीचं पसरट परळ घ्या. दोन बोटं पाणी पुरे, पण रोज घासून बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. कुत्र्याचं भांडं त्याच्यापासून लांब असू द्या.

कुत्र्याची खरी भीती आहे ती जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना. पुण्याच्या पूर्वेला, सासवडच्या बाजूला, पाऊस कमी आणि माळ उघडा. टिटवी, माळटिटवी, चंडोल, धाविक हे सगळे इथे भुईवरच अंडी घालतात. मागच्या एप्रिलमध्ये त्या प्लॉटवरच्या खडीत टिटवीची चार अंडी होती, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. दोन पावलांवरूनही दिसत नव्हती. मला ती माहीत नव्हती आणि मी भुरीला मोकळं सोडलं. तिने अंड्यांना तोंडही लावलं नाही, पण टिटव्या डोक्यावर झेपा घेत ओरडत राहिल्या आणि भर दुपारच्या उन्हात अंडी बराच वेळ उघडी पडली. पुढे तीनच पिल्लं निघाली. चौथं अंडं त्या उन्हानेच गेलं असं मला वाटतं, आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

त्या दिवसापासून भुरी पट्ट्याला. मग गच्चीतून जे दिसलं ते विसरणार नाही. टिटवी भुरीच्या घमेल्यात येऊन बसायची, पोट पाण्यात दाबून पिसं भिजवायची आणि ओल्या पोटाने जाऊन अंड्यांवर बसायची. अंडी गार ठेवायची त्यांची हीच रीत. मी ते घमेलं कुंपणाजवळ सरकवलं आणि भुरीला दुसरं दिलं. मार्च ते ऑगस्ट हा त्यांचा विणीचा काळ, तेवढे महिने तरी माळावर किंवा टेकडीवर कुत्र्याला पट्टा सोडू नका.

आणखी एक. चिरक घरट्याला केसांचं अस्तर लावतो. आमच्या भिंतीतल्या भोकातल्या घरट्यात भुरीचेच केस होते, आणि मला त्याचं फार कौतुक वाटायचं. पण गोचिडांसाठी पाठीवर सोडतात ते औषध केसांत राहतं. ब्रिटनमध्ये पक्ष्यांच्या घरट्यांतल्या अशा केसांत ही कीटकनाशकं सापडली आहेत. तेव्हा विंचरलेले केस अंगणात टाकू नका, कचऱ्याच्या पिशवीत बांधून द्या.

आता आठवडाभर तुमचं पिल्लू कधी झोपतं ते बघा आणि परळ त्याच्या आधी पाच मिनिटं भरून ठेवा.