वजाबाकी चुकते, ती नेमकी कुठे?

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो. मुलगा दुसरीत आहे. बेरीज बरी जमते, पण हातच्याची वजाबाकी आली की रडारड. ४२ मधून १७ वजा करायला सांगितले तर ३५ लिहितो. शाळेत बाई दशक सुटा करायला शिकवतात, मी घरी आमच्या वेळेसारखा हातचा शिकवते. ह्यांचं म्हणणं, पाढे पाठ नाहीत म्हणून असं होतं. शेजारच्या काकू म्हणतात, बाईंकडेच शिकवणी लावा. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ‘गणित कच्चं आहे’ एवढंच न लिहिता तुम्ही त्याचं उत्तरही कळवलंत, हे फार बरं केलंत. ते ३५ आलं कुठून ते बघा. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ काढले, उरले ५. मग ४ मधून १ गेला, ३. यात धांदरटपणा नाही की आळस नाही. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि तेच तो इमानदारीने करतोय. दुसरी-तिसरीच्या वह्यांमध्ये ही चूक मी वर्षानुवर्षं बघत आलेय. पाढ्यांचा इथे काही संबंध नाही, हे ह्यांना जरूर सांगा.

हातचा काय आणि दशक सुटा करणं काय, हिशेब एकच. पण सात वर्षांच्या पोराला ते दोन वेगळे नियम वाटतात. तूर्त तुमचा हातचा बाजूला ठेवा, बाईंचीच पद्धत चालवा.

दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात आलोय, मेथीची जुडी सतरा रुपयांना, असा खेळ मांडा. एक नोट तो लगेच देईल. पुढचे सात कुठून देणार? नाणी तर दोनच. तिथे तो अडेल. तेव्हा तुम्ही गप्प राहा, कितीही वेळ लागला तरी. ‘आई, सुटे दे ना’ असं तो स्वतः म्हणाला, की दशक सुटा झाला! नोट घ्या, दहा नाणी द्या. सात दिल्यावर उरलेले त्यालाच मोजू द्या : दोन नोटा, पाच नाणी. मगच वही उघडा.

आणखी एक, कळकळीने सांगते. गृहपाठातली चूक खोडरबराने पुसून, बरोबर उत्तर लिहून घेऊन शाळेत पाठवू नका. बाईंना मग सगळं बरोबरच दिसतं आणि पोराला येतंय असं वाटून त्या पुढच्या धड्याला लागतात. ते ३५ तसंच राहू द्या. पालकसभेच्या गर्दीत ‘अभ्यासात कसा आहे?’ विचारून हाती काही लागत नाही. वेगळी वेळ मागा, वही उघडून हेच गणित दाखवा आणि वर्गात ते कसं मांडतात ते समजून घ्या.

शिकवणी नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घेताच येत नाही, तेव्हा बाईंना त्या पेचात टाकू नका. घाईही नको. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेनेसुद्धा वाचन आणि पायाभूत गणितासाठी तिसरीपर्यंतचा अवधी धरलाय.

महिनाभराने त्याला ६३ वजा २९ घाला. ४६ आलं तर अजून नोटा-नाण्यांवरच राहा. ३४ आलं, तर ते कसं काढलं हे त्याला बाबांना समजावून सांगू द्या, आणि मलाही कळवा.