सोंगक्रानला लेक परगावी

प्रश्न : माझी मुलगी थायलंडच्या ईशान भागातल्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून शिकवायला चालली आहे. एप्रिलमध्ये तिथं मोठा सण असतो म्हणे. तिनं कसं वागावं?
– एक आई, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : ताई, बिनधास्त पाठवा. मी अशाच गावात राहून आले. सोंगक्रान, म्हणजे थाई लोकांचं नवं वर्ष, 13 ते 15 एप्रिलला असतो. शब्द आपल्या संक्रांतीचाच. शहरात पाण्याची धमाल, पण गावात खरा मान म्हाताऱ्यांचा. वाडग्यात सुगंधी पाणी, वर फुलांच्या पाकळ्या. ते आजीच्या तळहातांवर हळूच ओतायचं, की ती आशीर्वाद पुटपुटते.

मी निघाले तेव्हा गावानं माझ्यासाठी 'बाई सी' नावाचा सूत बांधायचा विधी केला. माणसात 32 ख्वान, म्हणजे जीव, असतात. ते भटकू नयेत म्हणून मनगटावर पांढरं सूत बांधतात. बांधणाऱ्या मावशीची बोटं आपल्याकडच्या रोवणीच्या बायांसारखीच, चिखलानं भेगाळलेली. ते सूत तीन दिवस तरी सोडत नाहीत. मी महिनाभर ठेवलं.

एवढं मात्र सांगून ठेवा : कुणाच्या डोक्याला हात लावू नये, अगदी मायेनंही. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. आणि भिक्खूंना काही द्यायचं तर बाईमाणसानं थेट हातात देऊ नये, त्यांनी पसरलेल्या कापडावर ठेवावं.