भरती बघून शिवडी गाठा
पक्षिनिरीक्षण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फेब्रुवारीत मुद्दाम फ्लेमिंगो बघायला शिवडीला आलो. सकाळी सातला पोचलो, तर समोर नुसता चिखल आणि लांबवर एक गुलाबी रेघ. यायचं तरी कधी? (वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही ओहोटीला पोचलात. पाणी उतरलं की हे रोहित पक्षी (म्हणजेच फ्लेमिंगो) खाद्य शोधत काठापासून दूर जातात; पाणी चढू लागलं की त्याच्या पुढे-पुढे सरकत काठाशी येतात. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो, मग ते उडून दुसरीकडे विसावतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा दोन-तीन तास नंतर काठावर हजर राहा. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे मुंबईत मोठी भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास असते, एवढ्यावरही अंदाज बांधता येतो. गाडीचं तिकीट काढण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा.

उजेडाकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात. शिवडीचा काठ पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि गुलाबी पक्षी काळे दिसतात. दुपारी तीननंतर ऊन पाठीवर आलं की चोचीवरून रोहिताच्या लहान आणि मोठा या दोन जाती नीट ओळखता येतात. लहान रोहिताची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठ्याची फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. थव्यातले मळकट करडे पक्षी म्हणजे अजून वयात न आलेली पिल्लं. खाडीपलीकडे ऐरोलीला सगळं उलटं, तिथे सकाळ चांगली. तिथली बोटफेरीही भरतीच्या वेळेवरच सुटते; आधी नोंदणी करा. फोटोसाठी चिखलात उतरू नका, पाय मांडीपर्यंत रुततो.

प्रश्न : दुर्बीण 8×42 घ्यावी की 10×50? (वाचक, दादर)

उत्तर : 8×42. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहा पटीत हाताचा कंपही दहापट होतो आणि दृश्याचा घेर लहान असल्याने पानांआडचा शिंपी पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. शिवाय 10×50 तासाभरात मान अवघडवते. झूमवाली तर नकोच.

‘धूसर दिसतं’ ही तक्रार बहुतेक वेळा दुर्बीण डोळ्यांना जुळवून न घेतल्याने येते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावा मिटा, चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली करा. पावसाळ्यात दुर्बीण तिच्या कापडी पिशवीत कपाटात ठेवली की भिंगांना बुरशी धरते. ओलावा शोषणारी सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

प्रश्न : गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर शिंजिराने (सनबर्ड या चिमुकल्या पक्ष्याने) घरटं केलंय आणि सोसायटीचं रंगकाम सुरू होतंय. घरटं कुंडीत हलवू का? (वाचक, मुलुंड)

उत्तर : नको. पालक जुन्याच जागी फिरत राहतात आणि पिल्लं उपाशी मरतात. अंडी उबवायला साधारण पंधरवडा, पिल्लं उडायला जवळपास तेवढाच. रंगवाल्याला तुमची बाजू शेवटी घ्यायला सांगा आणि त्या दोरीवर कपडे घालू नका. आत डोकावू नका, माणसाची सारखी ये-जा दिसली की कावळा तिथेच नजर ठेवतो. कोळ्याची जाळी झाडायचीही घाई नको; मादी घरट्याला तेच वापरते.

प्रश्न : गॅलरीत चिमण्यांसाठी दाणे आणि पाणी ठेवावं का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : दाणे नकोत, चिमण्यांआधी पारवे येतात आणि मग जात नाहीत. पाणी ठेवा : पसरट मातीचं भांडं, चार-पाच सेंटिमीटर खोल, मध्ये पाण्यावर डोकं काढणारा खडबडीत दगड. रोज घासून पाणी बदला, नाहीतर आठवडाभरात डास होतील.