कन्सर्न्ड ऑफिसर की ऑफिसर कन्सर्न्ड?

प्रश्न असा : परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या पत्रात 'प्लीज फॉरवर्ड धिस टु द कन्सर्न्ड ऑफिसर' असं लिहिलं होतं. पत्र तपासणाऱ्या मैत्रिणीने 'कन्सर्न्ड' उचलून 'ऑफिसर'नंतर नेऊन ठेवलं. शब्द तेच, मग फरक काय पडला?

बराच पडला. हे विशेषण नामाच्या आधी आलं की अर्थ होतो 'काळजीत पडलेला'. 'अ कन्सर्न्ड मदर' म्हणजे रात्रीचे अकरा वाजले तरी लेक घरी आली नाही म्हणून गॅलरीत येरझारा घालणारी आई. तेच नामानंतर आलं की 'ज्याचा या कामाशी संबंध आहे तो'. म्हणजे तुमचा पहिला अधिकारी तुमच्या पत्रापायी चिंताग्रस्त झालेला आहे. (असा अधिकारी कुठे भेटलाच तर मला जरूर कळवा.)

गफलत होते ती 'संबंधित अधिकारी' डोक्यात आधीच तयार असतो म्हणून. आपण तो आहे त्या क्रमाने इंग्रजीत उतरवतो. मराठीत विशेषण नामाच्या आधीच बसतं. अर्थ बदलायचा तर आपण शब्दच बदलतो, चिंतित वेगळा आणि संबंधित वेगळा. इंग्रजी काही ठिकाणी हे काम नुसत्या जागेवर भागवते. 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे विद्यमान सदस्य, 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे उपस्थित सदस्य. राज्यघटनेच्या २४९व्या कलमात राज्यसभेच्या ठरावासाठी दोन-तृतीयांश 'मेंबर्स प्रेझेंट अँड व्होटिंग' लागतात, ते म्हणूनच. तिथे 'प्रेझेंट' अलीकडे सरकवलं तर गैरहजर खासदारही हिशेबात येतील! 'रिस्पॉन्सिबल'चंही तसंच : आधी आलं तर भरवशाचा माणूस, नंतर आलं तर ज्याने हे करून ठेवलं तो.

आता खरं सांगायचं तर आपल्या महापालिकेत किंवा तहसील कचेरीत 'कन्सर्न्ड डिपार्टमेंट' इतकं रुळलंय की कुणाचा गैरसमज होणार नाही. तिथे मीही लाल पेन काढत नाही. पण भारताबाहेरच्या वाचकाला ते खटकतं, त्यामुळे मैत्रिणीची दुरुस्ती राहू द्या. 'ऑफिसर कन्सर्न्ड' जिभेला अवघड वाटत असेल तर 'द रिलेव्हंट ऑफिसर' लिहा. ते बिचारं आपल्या 'संबंधित'सारखं मुकाट्याने नामाच्या आधी बसतं.