क्रिकेट थीमच्या वाढदिवसाला घरात खेळता येईल असा फेकायचा खेळ कसा बनवावा?

मुलाचा सातवा वाढदिवस, थीम क्रिकेटची, बाहेर पाऊस, म्हणून पार्टी फ्लॅटमध्येच. आणि टीव्ही न फुटता मुलांना फेकायला काय द्यायचं, असा तुमचा प्रश्न. कोथरूडला आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय, म्हणून लिहितेय.

बॉल नकोच. स्पंजचा असला तरी उडतो, सोफ्याखाली जातो आणि अर्धी पार्टी तो काढण्यात जाते. पिशव्या फेकायच्या. अमेरिकेत कॉर्नहोल म्हणून खेळ आहे: 2 बाय 4 फुटांची तिरकी फळी, तिला 6 इंचांचं भोक, आणि मुळात मक्याचे दाणे भरलेल्या पिशव्या. भोकात गेली तर 3 गुण, फळीवर राहिली तर 1, आधी 21 करील तो जिंकला. तिथे दोन फळ्यांमध्ये 27 फूट अंतर असतं. आपल्या हॉलमध्ये तेवढं मोजायला गेलात तर शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात पोचाल.

बहुतेक लोक फळी सजवण्यात वेळ घालवतात आणि पिशव्या कशातरी उरकतात. खरा खेळ पिशवीत आहे. कॉर्नहोलची पिशवी साधारण साडेचारशे ग्रॅमची असते, घरात ती कुणाच्या तोंडावर बसली तर पार्टी संपली. आपण शिवून 4 इंच चौकोन होईल अशी करायची आणि तीत 100 ग्रॅम ज्वारी भरायची, जास्त नाही. गच्च भरलेली पिशवी दगडासारखी आपटते आणि उडते. थोडी ढिली असली की पडल्या जागी बसते, किंवा मस्तपैकी घसरत भोकात जाते. कापड जुन्या जीन्सचं किंवा मांजरपाटाचं, आणि टीप दुहेरी मारा, कारण ज्वारी सांडली की पुढच्या दिवाळीपर्यंत फरशीच्या कोपऱ्यात सापडत राहते. वाळू नको, बारीक धूळ गळते. चिंचोके टोचतात.

फळीसाठी वॉशिंग मशीन किंवा फ्रिजचं जाड खोकं. रद्दीवाल्याला आधी सांगून ठेवलं तर मिळतं. 2 बाय 3 फुटांचा तुकडा पुरे. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या येतील असा कापा, नाहीतर मधे पोक येतो. मागून पुठ्ठ्याचाच त्रिकोणी आधार द्या, वरची कड जमिनीपासून फूटभर उंच ठेवा. वाटीभोवती पेन्सिल फिरवून तीन भोकं आखा: खालची दोन 6 इंचांची, एक रन आणि चौकार, वरचं 5 इंचांचं, षटकार. हिरवं वेल्वेट पेपर लावायचा मोह होईल, लावू नका, पिशवी त्यावर अडकून बसते. हिरवा रंग द्या आणि वरून वह्यांना घालतो ते प्लास्टिकचं कव्हर ताणून चिकटवा. टेप, कव्हर वगैरे पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत स्वस्त पडतं, पण तेवढ्यासाठी तिथे गाडी नेऊ नका. आम्ही फळीवर मोठ्या अक्षरात 'गहुंजे' (पुण्याजवळचं क्रिकेट स्टेडियम) लिहिलं होतं, मुलं खूश.

एका मुलाला एक ओव्हर, म्हणजे सहा पिशव्या. सहाच लागतात, दोन जास्तीच्या शिवून ठेवा. जमिनीवर मास्किंग टेपची क्रीज, लहानांना 5 फुटांवर, मोठ्यांना 8. रेषेला पाय लागला की नो बॉल, आणि यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून अंपायर मोठं माणूस हवं. आजोबा असतील तर उत्तम, त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही. आउट मात्र ठेवू नका. जमिनीवर पडली तर डॉट बॉल, एवढंच. सात वर्षांचं पोर पहिल्याच फेकीला बाद झालं की केक कापेपर्यंत रडतं. दहापेक्षा जास्त मुलं असतील तर तीनच पिशव्या द्या, नाहीतर वाट बघणारे एकमेकांवर फेकायला लागतात.

फळीखाली आणि आजूबाजूला जाड सतरंजी घाला, प्रत्येक डॉट बॉलचा धप्प आवाज खालच्या मजल्यावर जातो.

शिलाई मशीन नसेल तर शाळेचे एकटे उरलेले मोजे घ्या, ज्वारी भरा, गाठ मारा, वरचा भाग उलटा करून गाठीवरून ओढून घ्या. चौकोनी पिशवीइतके घसरत नाहीत, पण एका पार्टीपुरते चालतात.