मनालीहून भृगू तलाव एका दिवसात झेपेल का? गाईड घेणे खरोखर गरजेचे आहे का?

तुम्ही पुण्यात राहता, सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकंती केलेली आहे, पत्नी रोज तासभर चालतात पण त्यांना डोंगराची फारशी सवय नाही, आणि जूनच्या मध्यात मनालीला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी भृगू तलाव पाहून संध्याकाळी परतायचा तुमचा बेत आहे. हे जमेल का, आणि गाईड खरोखर लागतो का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की तलाव एका दिवसात होतो आणि गाईड घ्यावाच, परंतु दुसऱ्या दिवशी मुळीच जाऊ नये. चौथा दिवस ठेवा, जमल्यास पाचवा. या एका बदलावर तुमची सहल आनंदाची होणार की डोकेदुखीची, हे बरेचसे ठरेल.

सह्याद्रीतील माणसाची या बाबतीत फसगत का होते, ते आधी सांगतो. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, आणि ते महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे. मनाली गावच २,००० मीटरच्या थोडे वर आहे, म्हणजे तुम्ही बसमधून उतरता तेव्हाच आपल्या सर्वोच्च शिखराच्या वर उभे असता. भृगू तलाव ४,२०० मीटरच्या वर आहे. ज्या रोहतांग खिंडीत लोक बर्फ बघायला गाडीने जातात, ती ३,९७८ मीटरवर आहे, तिच्याहूनही हा तलाव उंच आहे आणि तिथे पायी जायचे आहे. चढाईचा आकडा मात्र आपल्या ओळखीचा वाटतो. जुन्या रोहतांग रस्त्यावरील गुलाबा येथून निघाल्यास हजार-बाराशे मीटर चढावे लागते, बारी गावातून कळसूबाई चढण्यापेक्षा थोडेच अधिक. त्यामुळे ‘हे तर आपण दर महिन्याला करतो’ असे वाटते. पायांच्या बाबतीत ते खरेही आहे, तुमचे पाय तिथे कमी पडणार नाहीत.

कमी पडते ती हवा. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही २१ टक्केच असते, परंतु हवेचा दाब उतरतो, आणि तलावाच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरतो. प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शरीर यावर पहिला उपाय म्हणून श्वास जलद करते, पण त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल बिघडतो, आणि तो तोल मूत्रपिंडांनी सावरेपर्यंत दोन-चार दिवस जातात. तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे लागतात. तुम्ही किती काटक आहात, रोज किती सूर्यनमस्कार घालता, राजगड-तोरणा एका दमात करता की नाही, यांचा या प्रक्रियेच्या वेगाशी संबंध नसतो. उलट तरुण आणि दमदार माणूस भरभर चढतो म्हणून त्याला त्रास लवकर होतो, हे मी अनेक तुकड्यांमध्ये पाहिले आहे.

तरीही एका दिवसाच्या बेताला मी नाही म्हणत नाही, कारण त्यात एक फायदाही दडलेला आहे. उंचीचा त्रास बहुधा वर पोहोचल्यानंतर काही तासांनी जाणवू लागतो आणि तिथेच झोपल्यास रात्री बळावतो. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणे ही डोंगरातील जुनी रीत आहे, आणि गुलाब्याहून चढून संध्याकाळी मनालीला परतणारा माणूस नकळत तीच पाळतो. तलावाजवळ तंबू ठोकून राहणाऱ्या, पण आधी काहीच तयारी न केलेल्या माणसापेक्षा तो एका अर्थाने सुरक्षित असतो. अट एवढीच की मनालीतील आधीचे दिवस वाया घालवू नयेत.

दिल्लीहून किंवा चंडीगडहून रात्रभराच्या बसने आलात तर पहिला दिवस झोप, पाणी आणि सावकाश फिरणे यांतच जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी वशिष्ठ गावातून जोगिनी धबधब्यापर्यंत चालून या. तिसऱ्या दिवशी ३,००० मीटरच्या पुढे जाऊन काही तास घालवा. हिडिंबा मंदिराच्या मागील देवदारांच्या जंगलातून लामाडुगच्या कुरणाकडे जाणारी वाट यासाठी मला सर्वांत योग्य वाटते, कारण ती चालून करायची आहे आणि गाईडबरोबरची पहिली ओळखही तिथेच होते. ज्यांना चालायचे नसेल त्यांनी अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जाऊन दिवसभर तिथे थांबावे, तेही चालेल. रोज रात्री मनालीतच झोपा आणि मद्य टाळा. उंचीचा त्रास टाळण्यासाठी डायमॉक्स नावाने मिळणाऱ्या गोळीविषयी पुण्यातच आपल्या डॉक्टरांशी बोला. ती काहींना उपयोगी पडते, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी ती परस्पर घेऊ नये. दोघांपैकी कोणाला हृदयविकार, दमा किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांची परवानगी आधी आणि तिकिटे नंतर.

आता गाईडविषयी, कारण तुमच्या प्रश्नात ‘वाट मोबाईलवर दिसते, मग गाईड कशाला’ असा सूर आहे. सह्याद्रीत वाट चुकली तरी बहुतेक वेळा सोंड, नाळ, खालची वाडी, काहीतरी ओळखीचे सापडते. भृगूच्या मार्गावर गुलाब्याच्या वरची झाडी संपली की जोंकर थाचपासून पुढे गवताचे प्रचंड उतार सुरू होतात. मेंढपाळांच्या उन्हाळी कुरणांना तिकडे थाच म्हणतात. या कुरणांवर ठळक अशी एकच वाट नसते. मेंढ्यांच्या वाटा चहूकडे गेलेल्या असतात आणि एकामागून एक येणारे उंचवटे अगदी सारखे दिसतात. तलाव स्वतः एका वाटीसारख्या खोलगट भागात आहे. त्या वाटीच्या काठावर चढेपर्यंत त्याचा मागमूसही लागत नाही, त्यामुळे धुके उतरले तर तलावापासून थोड्याच अंतरावरून माणूस भलतीकडे निघून जाऊ शकतो. जूनच्या मध्यात वरच्या टप्प्यात बर्फ असतो, आणि बर्फाखाली वाट असली काय नि नसली काय, सारखेच. तिथे मोबाईलच्या नकाशावरील रेषेवर विसंबून चालणे मला धोक्याचे वाटते.

वाट दाखवणे हे गाईडच्या कामाचा लहानसा भाग आहे. तो खरे पाहतो ती माणसे. चांगला गाईड पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकाच्या शेजारून चालतो आणि घर, मुले, काम अशा गोष्टी काढतो. ते केवळ गप्पा मारणे नसते. पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता येते का, हे तो ऐकत असतो. एकदा रोला खोलीच्या कुरणावर आमच्या तुकडीतील एक ताई बराच वेळ गप्प झाल्या होत्या. विचारले की ‘बरी आहे’ म्हणत आणि डबा उघडायला मात्र नको म्हणत. आमच्या गाईडने त्यांना गरम पाणी दिले, थोडे थांबवले आणि मग गवतात काठी आडवी ठेवून तिच्या कडेने एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला त्यांचा तोल गेला. तो काहीही नाट्यमय न बोलता आपल्या जोडीदाराला म्हणाला, ‘दीदी के साथ तुम नीचे जाओ, अभी.’ ताई गुलाब्याला पोहोचेपर्यंत त्यांची डोकेदुखी बरीच उतरली होती. तोल जाणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे किंवा बसल्या जागीही धाप लागणे, ही मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची खूण असू शकते आणि त्यावर खाली उतरणे हाच पहिला उपाय आहे. आपण सोबती असलो तर ‘थोडेच राहिले आहे, चल’ असे म्हणतो. ते न म्हणणारा माणूस बरोबर असावा, यासाठी गाईडला पैसे द्यायचे असतात.

आणखी एक गोष्ट. त्या कुरणांवर उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळांचे कळप असतात आणि कळपाबरोबर त्यांचे दांडगे, झुपकेदार केसांचे कुत्रे असतात. बिबट्यापासून मान वाचावी म्हणून काहींच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घातलेले असतात. कळपाजवळून जाण्याआधी गाईड लांबूनच हाळी देतो, मेंढपाळ शीळ घालून कुत्र्यांना मागे बोलावतो आणि मगच आपण पुढे सरकायचे. अनोळखी माणसाने एकट्याने कळपात शिरू नये. त्या मेंढपाळांशी दोन शब्द बोलायची संधी मिळाली तर अवश्य बोला, त्या उतारांची त्यांच्याइतकी माहिती कोणालाही नाही.

गाईड निवडताना काय विचारावे, तर त्याने डोंगराचे प्रशिक्षण कुठे घेतले आहे हे पहिल्यांदा विचारा. मनालीतच अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे आणि अनेक स्थानिक गाईडांनी तिथला अभ्यासक्रम केलेला असतो. पर्यटन विभागाकडील नोंदणी आहे का, एका गाईडमागे किती माणसे असतील, प्रथमोपचाराची पेटी, प्राणवायूची टाकी आणि बर्फासाठी बुटांना लावायचे खिळे तो आणणार आहे का, हेही विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘परत फिरण्याची वेळ कोणती?’ हा प्रश्न विचारा. जो गाईड ‘तलाव दाखवणारच, काळजी नको’ म्हणतो त्याच्यापेक्षा ‘साडेबारापर्यंत वरच्या काठावर नसलो तर जिथे असू तिथून फिरायचे’ असे म्हणणारा मी निवडतो. दुपारनंतर तिथे ढग दाटतात, गारा पडतात, वीज कडाडते आणि उघड्या गवतावर आडोसा म्हणून काही नसते. सकाळचा कडक बर्फही दुपारी भुसभुशीत होऊन गुडघ्यापर्यंत पाय रुतू लागतात. दर ठरवताना फार घासाघीस करू नका, कारण पैसे कमी केले की सर्वांत आधी दुसरा माणूस आणि मग सामान कमी होते.

प्रत्यक्ष दिवस असा जातो. पहाटे चार-साडेचारला मनाली सोडायची, उजाडता उजाडता गुलाब्याच्या वर चालायला लागायचे आणि जाऊन-येऊन नऊ ते अकरा तास धरायचे. वशिष्ठ गावातून थेट चढणारी वाटही आहे, पण तिथून दोन हजार मीटरहून अधिक चढ होतो, म्हणून एका दिवसासाठी ती धरू नका. चालीचा वेग सह्याद्रीतल्या तुमच्या नेहमीच्या वेगाच्या निम्मा ठेवा. थांबून धापा टाकण्यापेक्षा न थांबता हळू चालणे वर फार उपयोगी पडते. कपडे एकावर एक असे थरांचे घाला, चांगला रेनकोट, लोकरी टोपी, हातमोजे आणि घोट्याला आधार देणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट घ्या. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे भाजल्यासारखे होतात, तेव्हा गडद चष्मा विसरू नका. पाणी प्रत्येकी तीन लिटर घ्या. झऱ्याच्या वरच्या अंगाला मेंढ्या चरत असतात, म्हणून ते पाणी फिल्टरने गाळून किंवा पाणी शुद्ध करणारी गोळी टाकूनच प्या. वर भूक मरते, तरी दर तासाला चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे असे काहीतरी तोंडात टाकत राहा.

तलाव आकाराने मोठा नाही आणि जूनमध्ये तो अंशतः गोठलेला दिसण्याची शक्यता आहे. केवळ निळ्याशार पाण्याचे छायाचित्र मनात धरून गेलात तर हिरमोड होईल. मला त्या दिवसात सर्वांत मोलाचा वाटतो तो वरच्या काठावरचा अर्धा तास, जेव्हा पीर पंजालची रांग आणि हनुमान टिब्बा डोळ्यांच्या पातळीवर आल्यासारखे दिसतात. पाण्याच्या काठी भृगू ऋषींनी तप केले अशी स्थानिकांची श्रद्धा आहे आणि तलाव कधी पूर्ण गोठत नाही, असेही ते मानतात. तिथे पाण्यात उतरू नका, मोठ्याने गाणी लावू नका, आणि गाईडने बूट काढायला सांगितले तर काढा. ती जागा त्यांच्या देवाची आहे. तारखा बदलता येत असतील तर सप्टेंबरचा विचार करा. तेव्हा पावसाचा जोर ओसरत आलेला असतो, वाटेवर बर्फ नसतो आणि तुमच्या पत्नींसाठी तो काळ अधिक सोयीचा ठरेल.

त्यांच्याविषयी शेवटी लिहितो, कारण मला तुमच्यापेक्षा त्यांची चिंता अधिक आहे. उंचीमुळे नव्हे, उंची दोघांना सारखीच. रोज सपाट रस्त्यावर तासभर चालणाऱ्या माणसाला दहा तासांच्या दिवसातले शेवटचे तीन तास, तेही उताराचे, गुडघ्यांवर फार येतात. अजून वेळ आहे, तेव्हा आठवड्यातून दोनदा पर्वती आणि रविवारी सिंहगड असे सुरू करा, आणि चढण्याइतकेच उतरण्याकडेही लक्ष द्या. दोन काठ्या वापरायची सवय त्यांना तिथेच लावा. आणि फक्त तुम्ही दोघेच जाणार असलात तरी गाईडबरोबर एक मदतनीस मागा, म्हणजे त्यांना अर्ध्यातून परतावेसे वाटले तर मदतनीस त्यांना घेऊन उतरू शकेल आणि ‘माझ्यामुळे तुमचा तलाव राहील’ या भिडेपोटी त्या त्रास लपवणार नाहीत. अर्थात त्यांना उंचीची लक्षणे दिसली तर तुम्हीही त्यांच्याबरोबर उतरावे, असेच माझे मत आहे. मदतनिसाचे हे बोलणे मनालीत पोहोचल्यावर काढू नका, आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वीच ते पक्के करून घ्या.