वाचकांचे प्रश्न : परसातला भाजीपाला

प्रश्न : घरामागे सुमारे २०० चौरस फूट मोकळी जागा आहे. भाजीपाला प्रथमच लावणार आहोत. संपूर्ण जागेत एकदम लागवड करावी का, आणि कोणत्या भाज्या निवडाव्यात?

उत्तर : पहिल्याच हंगामात सगळी जागा लागवडीखाली आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेरणी एका सकाळी उरकते, परंतु त्यानंतरची निंदणी, पाणी आणि तोडणी यांना जवळजवळ रोज वेळ द्यावा लागतो आणि उत्साहाने आखलेल्या बहुतेक बागा तिथेच मागे पडतात. ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब असे दोन वाफे प्रारंभाला पुरेसे आहेत. रुंदी याहून वाढवू नये, कारण एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवून माती दाबली जाण्याची वेळ येत नाही.

वाफ्यांची जागा उन्हावरून ठरवावी. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी यांना दिवसाकाठी किमान ६ तास थेट ऊन लागते. पालक, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्यांचे ३–४ तासांच्या उन्हातही भागते. वेलींचा मांडव मात्र अशा बाजूला घालावा, की त्याची सावली बुटक्या रोपांवर पडणार नाही.

निवडीबाबत सांगायचे तर, आपल्या घरात आठवडाभरात कोणती भाजी किती खाल्ली जाते याची आधी यादी करावी आणि त्या यादीवरून पेरणी ठरवावी. बियांचे पाकीट हाती आले की ते पूर्ण पेरून टाकण्याचा मोह होतो. मग पालकाचा अख्खा वाफा ३५–४० दिवसांनी एकाच वेळी काढणीला येतो आणि त्यानंतर काहीच उरत नाही. त्याऐवजी वाफ्याचे तीन भाग करून दर दोन आठवड्यांनी एकेक भाग पेरला, तर भाजी थोडी थोडी आणि सतत मिळत राहते. हा नियम पालेभाज्या, मुळा आणि गाजर यांच्यासाठी आहे. टोमॅटो किंवा वांग्याचे झाड एकदा लागले की बरेच आठवडे फळे देते, त्यामुळे त्याची मोजकीच रोपे लावावीत.

प्रश्न : भेंडी आणि काकडी चांगली वाढू द्यावी म्हणून आम्ही थांबतो, पण ती निबर होते आणि पुढे झाडही फारसे फळत नाही. असे का होते?

उत्तर : दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. झाडाच्या दृष्टीने फळ म्हणजे बी तयार करण्याची सोय असते. फळातील बी पक्व होऊ लागले, की झाडाची शक्ती तिकडे वळते आणि नवी फुले कमी होतात. भेंडी फूल उमलल्यापासून साधारण ५–६ दिवसांत तोडायला येते, म्हणून बहरात दिवसाआड फेरी मारावी आणि पानांआड लपून निबर झालेली भेंडीही झाडावर न ठेवता काढून टाकावी. बी धरायचे असेल, तर त्यासाठी एखादेच झाड राखावे.

पालकाची बाहेरची पाने खुडून मधला कोंब ठेवला, तर तोच वाफा पुन्हा फुटतो. पाला सकाळी लवकर काढावा, कारण तेव्हा पानांत पाणी भरपूर असते आणि तो लवकर कोमेजत नाही. मटार आणि मक्याची कणसे मात्र शक्यतो खायच्या वेळीच तोडावीत. तोडल्यानंतर त्यांतील साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर होऊ लागते आणि गोडी उतरते. टोमॅटोवर लाली चढू लागली, की तो घरात ठेवूनही पिकतो. पक्ष्यांचा उपद्रव असल्यास तसेच करावे, फक्त न पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण थंडीत पिकण्याची क्रिया मंदावते आणि स्वाद कमी होतो.

प्रश्न : पुढील हंगामात त्याच वाफ्यात पुन्हा टोमॅटो चालतील का?

उत्तर : टाळावे. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातील असल्याने मातीत राहिलेले रोग एकावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून टोमॅटोनंतर वांगी लावल्यास फेरपालट झाली असे होत नाही. त्या वाफ्यात घेवडा किंवा चवळी घ्यावी आणि पेरणीपूर्वी चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळावे.